इंग्रजीच्या वर्गात आपली बोली

बीएला इंग्रजी साहित्य घेतलं की घरचे एकच विचारतात, फाडफाड बोलता येतं का? पण विद्यापीठांचे इंग्रजी विभाग आता बरेच बदललेत. तिथं जे शिकायला मिळतं, त्यात सावनेर-केळवदच्या पोरापोरींचं पारडं चक्क जड आहे. कसं ते वाचा.

सकाळची वेळ. सावनेरचं बस स्टँड. नागपूरची एसटी अजून लागायची आहे. दोन जुने वर्गमित्र भेटतात.

‘का बे, कुठं घेतली अ‍ॅडमिशन?’

‘एमएले. इंग्लिश.’

‘इंग्लिश? काहून बे? बारावीत तुले इंग्लिशचंच टेन्शन होतं ना!’

तुम्ही सावनेरचे असा, खाप्याचे असा की पाटणसावंगीचे, हा संवाद तुम्ही ऐकलेला आहे. कदाचित त्यातले एक तुम्हीच असाल. घरी तर याहून कठीण परीक्षा असते. पाहुणे आले की मामा म्हणतात, ‘इंग्रजी घेतलं म्हणे. मग बोलून दाखव बरं दोन वाक्यं.’ तुम्ही गप्प. आणि त्या एका क्षणात मनात येतं, आपण चुकीच्या वर्गात तर नाही ना येऊन बसलो?

या लेखाचं उत्तर आधीच सांगून टाकू. तुम्ही चुकीच्या वर्गात नाही. चुकीचा आहे तो त्या वर्गाबद्दलचा आपला समज. इंग्रजी विभाग म्हणजे कॉन्व्हेंटमधून आलेल्यांचा अड्डा आणि अभ्यासक्रम म्हणजे डॅफोडिल्सची फुलं, हे चित्र आपल्या आईबाबांच्या कॉलेजच्या दिवसांतलं आहे. मधल्या काळात या विभागात पुष्कळ काही घडून गेलं.

सुरुवात आपल्याकडेच झाली

एक गोष्ट ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. इंग्रजी साहित्य हा कॉलेजात शिकवायचा विषय म्हणून आधी भारतात रुजला आणि इंग्लंडच्या नामांकित विद्यापीठांत नंतर. मेकॉलेचं ते प्रसिद्ध टिपण २ फेब्रुवारी १८३५ चं. कोलकाता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठं १८५७ ची. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याची स्वतंत्र पदवी सुरू झाली १८९४ मध्ये. केंब्रिजमध्ये तर थेट १९१७ उजाडलं. तोवर तिकडं खरा अभ्यास म्हणजे ग्रीक आणि लॅटिन. आपली भाषा काय वर्गात शिकायची, असंच तिथल्या मास्तरांना वाटायचं.

मग इथं एवढी घाई कशासाठी? गौरी विश्वनाथन यांनी १९८९ च्या ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ या पुस्तकात याचाच शोध घेतलाय. सरकारला उघडपणे धर्म शिकवता येत नव्हता. मग साहेबाची नीती, साहेबाचा मोठेपणा एतद्देशीयांच्या मनात उतरवायचा कसा? शेक्सपिअर आणि मिल्टनच्या हातून. साहित्य हे राज्य चालवण्याचं एक साधन झालं.

नागपूरचंही तेच. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला. त्याच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज १८८३ चं. मॉरिस कॉलेज १८८५ चं. तेव्हा नागपूरला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं. इथली पोरं परीक्षा द्यायची ती आधी कोलकाता विद्यापीठाची, नंतर अलाहाबादची. नागपूर विद्यापीठ स्थापन झालं ४ ऑगस्ट १९२३ रोजी. २००५ मध्ये त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं. सावनेरची कॉलेजं याच विद्यापीठाशी जोडलेली आहेत. म्हणजे तुमच्या मार्कशीटवर जे नाव छापलेलं असतं, त्याच्यामागे शंभर वर्षांचा इतिहास उभा आहे.

आता विचार करा. जो विषय आपल्याला साहेबाचं मोठेपण पटवण्यासाठी आणला गेला, तो साहेब गेल्यावर कशाला शिकायचा?

नैरोबीतले तीन मास्तर

हा प्रश्न सगळ्यात स्पष्ट शब्दांत विचारला तो आफ्रिकेत. १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये नैरोबी विद्यापीठात तीन शिक्षकांनी एक टिपण लिहिलं. न्गुगी वा थिओंगो, हेन्री ओवुओर-अन्यूम्बा आणि तबान लो लियोंग. त्यांची मागणी अशी की इंग्रजी विभाग बंदच करा!

त्यांचा इंग्रजीवर राग नव्हता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. विभागाच्या मध्यभागी इंग्लंड आणि आपलं साहित्य कुठंतरी शेपटाला, असं का? मध्यभागी आपण असू. आपल्या भाषा, आपली तोंडी चालत आलेली गाणी-गोष्टी आधी. मग तिथून बाहेर जाऊ. शेजारच्या देशांकडे, जगाकडे आणि हो, इंग्लंडकडेसुद्धा. नैरोबीत पुढं इंग्रजी विभागाच्या जागी साहित्य विभाग उभा राहिला.

न्गुगींनी नंतर स्वतः इंग्रजीत कादंबऱ्या लिहिणं सोडलं आणि ते आपल्या गिकुयू भाषेत लिहू लागले. त्यांना तुरुंगात टाकलं तेव्हा तिथं त्यांनी टॉयलेट पेपरवर गिकुयूत कादंबरी लिहिली. २०२५ च्या मे महिन्यात ते वारले. आज जगभरच्या इंग्रजी विभागांत त्यांची पुस्तकं शिकवली जातात. ज्यानं इंग्रजी विभाग बंद करा म्हटलं, त्याच्याशिवाय इंग्रजी विभागाचं पान हलत नाही!

आपल्याकडे दार कसं उघडलं

आपल्याकडे कुणी विभाग बंद केला नाही. आपण हळूहळू दार उघडत गेलो.

आधी आले इंग्रजीत लिहिणारे भारतीय लेखक. आर. के. नारायण, मुल्कराज आनंद, राजा राव. के. आर. श्रीनिवास अय्यंगार यांचं ‘इंडियन रायटिंग इन इंग्लिश’ हे पुस्तक १९६२ चं. तोवर भारतीय माणसाच्या इंग्रजी लिखाणाला ‘साहित्य’ म्हणायचं की नाही, यावरच वाद चालायचे. मग त्याचे स्वतंत्र पेपर झाले.

दुसरा बदल त्याहून मोठा. भाषांतर वर्गात आलं. अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेलं ‘पॉयझन्ड ब्रेड’ १९९२ मध्ये निघालं आणि मराठी दलित साहित्य एकगठ्ठा इंग्रजीत पोचलं. बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ आणि ऊर्मिला पवार यांचं ‘आयदान’ इंग्रजीत नेलं माया पंडित यांनी. त्या हैदराबादच्या इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठात प्राध्यापक होत्या. दया पवारांचं ‘बलुतं’ मराठीत आलं १९७८ मध्ये. जेरी पिंटो यांनी ते इंग्रजीत आणलं २०१५ मध्ये. बाबासाहेबांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ १९३६ मध्ये थेट इंग्रजीतच लिहिलं होतं. आज ते अनेक विद्यापीठांच्या इंग्रजी वर्गात वाचलं जातं.

आता इथं जरा थांबा आणि स्वतःकडे बघा. दिल्लीतला किंवा शिकागोतला विद्यार्थी ‘बलुतं’ इंग्रजीत वाचतो, कारण त्याच्यापुढं दुसरा मार्ग नाही. तुम्ही मूळ मराठी वाचू शकता. भाषांतरात काय आलं, काय सुटलं, कुठला शब्द बोथट झाला, हे तुम्हाला दिसतं. त्याला नाही दिसत. नागपूर हे १४ ऑक्टोबर १९५६ चं शहर आहे. त्या दिवसाच्या गोष्टी तुमच्या वस्तीत, तुमच्या घरात सांगितल्या जातात. हे सगळं घेऊन तुम्ही वर्गात बसता. मग शेवटच्या बाकावर का?

हा बदल फक्त पुस्तकांपुरता नाही. यूजीसी-नेटच्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमात दहा युनिटं आहेत. नाटक, कविता, कादंबरी तर आहेच. पण ‘इंग्लिश इन इंडिया’ हे अख्खं एक युनिट आहे. इंग्रजी भारतात आली कशी, बदलली कशी, पुढं तिचं काय होणार, हे त्यात येतं. ‘कल्चरल स्टडीज’चं वेगळं युनिट आहे. म्हणजे वर तुम्ही मेकॉलेची जी गोष्ट वाचली, ती नेटच्या तयारीचाच भाग होती. लागलं ना कामाला?

इंग्रजी शिकवली, मराठी घडवली

कुठल्याही विभागाची कामगिरी कशात मोजायची? गेटवरच्या फ्लेक्सवर आकडे असतात. इतके नेट-सेट, इतके पीएचडी, इतकी चर्चासत्रं. ते महत्त्वाचं आहेच. पण महाराष्ट्रातल्या इंग्रजी विभागांनी आणखी एक कमाई केलीय, जिचा फ्लेक्स कधी लागत नाही. या विभागांतून बाहेर पडलेल्या माणसांनी मराठी साहित्य बदललं.

सगळ्यात जवळचं नाव महेश एलकुंचवार. यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचा जन्म. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिक्षण, नागपूर विद्यापीठातून इंग्रजीत एमए. मग नागपुरातल्याच कॉलेजांत आयुष्यभर इंग्रजी शिकवली आणि नाटकं लिहिली मराठीत. ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ मध्ये रंगमंचावर आलं. विदर्भातल्या एका खेड्यातल्या देशपांड्यांच्या वाड्याची ती गोष्ट. तीच पुढं ‘ओल्ड स्टोन मॅन्शन’ होऊन इंग्रजीत गेली. खेड्यातून इंग्रजीच्या वर्गात आणि इंग्रजीच्या वर्गातून परत खेड्याच्या गोष्टीकडे, असा हा प्रवास.

भालचंद्र नेमाडे खानदेशातल्या सांगवीचे. नगर, धुळे, औरंगाबाद इथं इंग्रजी शिकवली, लंडनला गेले, गोवा विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात राहिले. त्यांच्या ‘कोसला’चं इंग्रजी भाषांतर केलं सुधाकर मराठे यांनी, तेही हैदराबाद विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक. विंदा करंदीकर पोटासाठी इंग्रजी शिकवायचे आणि त्यांनी अ‍ॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र, शेक्सपिअरचा ‘किंग लिअर’, गटेचा ‘फाउस्ट’ मराठीत आणला. नेमाडे आणि विंदा, दोघांनाही ज्ञानपीठ मिळालं. मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाचं प्रमुखपद सांभाळलेले विलास सारंग मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे लिहीत राहिले.

यातलं एक सूत्र तुमच्या लक्षात आलं असेल. यातल्या कुणाचंही मोठेपण ‘फाडफाड’ बोलण्यात नव्हतं. ते होतं दोन भाषांत सारख्याच बारकाईनं वाचण्यात.

आणि हे फक्त इंग्रजीच्या प्राध्यापकांनाच जमतं असंही नाही. नागपूर विद्यापीठातून कायदा शिकलेले पी. व्ही. नरसिंह राव पुढं पंतप्रधान झाले. त्यांना मराठी उत्तम यायची. ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यांनी तेलुगूत नेली. भाषा येत असेल तर माणूस काय काय करू शकतो बघा.

क्रेडिटचा फायदा घ्या

आता वर्तमानात येऊ. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या राज्यात एमएची रचना २०२३-२४ पासून बदलली. संलग्न कॉलेजांतल्या पदवीचा नंबर लागला २०२४-२५ मध्ये. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, ओजेटी, फील्ड प्रोजेक्ट... या शब्दांनी तुमचं डोकं फिरलं असेल. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘क्रेडिट म्हणजे नेमकं काय बे?’ हा प्रश्न रोजचाच.

पण त्यात तुमच्या कामाचं काय आहे ते बघा. राज्याच्या चौकटीत एमए दोन वर्षांचं, ८८ क्रेडिटचं आहे. पहिल्या वर्षी संशोधन पद्धतीचा पेपर आहे. सोबत ४ क्रेडिटचं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण किंवा क्षेत्रकार्य. दुसऱ्या वर्षी दोन्ही सत्रांत संशोधन प्रकल्प. एक वर्ष करून थांबावं लागलं तर पीजी डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं.

पूर्वी इंग्रजीचा विद्यार्थी म्हणजे लायब्ररी आणि परीक्षा हॉल, एवढंच. आता त्याला गावात जाऊन काम करायचे मार्क मिळतात! बहुतेक जण मात्र हे चार क्रेडिट कुठल्या तरी दुकानाचा शिक्का मारून आणलेल्या सर्टिफिकेटवर उरकतात. ते करू नका. तुमच्या गावातच खजिना पडलाय. तीन कामं सुचवतो.

पहिलं काम बोलीचं. जॉर्ज ग्रिअरसन यांच्या देखरेखीखाली भारतातल्या भाषांची पाहणी झाली. तिचा मराठीचा खंड १९०५ मध्ये छापला गेला. त्यात वऱ्हाडी आणि नागपुरी बोलींचे नमुने आहेत. बायबलमधल्या उधळ्या पुत्राची गोष्ट ठिकठिकाणच्या लोकांकडून त्यांच्या बोलीत करून घेतलेली. ती तुम्ही आज सावनेरात पुन्हा करून घेतली तर? एकदा आजीकडून, एकदा कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या काकांकडून, एकदा सीमेपलीकडच्या सौंसरच्या मित्राकडून. सव्वाशे वर्षांत काय बदललं? पुण्याचा माणूस ‘करतोय’ म्हणतो, तिथं आपण ‘करून राहिलो’ म्हणतो. हिंदीच्या ‘कर रहा हूँ’शी त्याचं नातं लगेच दिसतं. १९५६ पर्यंत नागपूर ही आधी मध्य प्रांताची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होती; सौंसर आणि सावनेर एकाच राज्यात होते. आज मधून राज्याची सीमा जाते, पण बोलीला ती माहीत नाही. यात भाषाशास्त्राचा अख्खा प्रकल्प दडलाय. ज्या ‘करून राहिलो’वरून पुण्या-मुंबईचे लोक हसतात, तेच तुमचं संशोधनाचं साहित्य!

दुसरं काम भाषांतराचं. आपल्याकडे संत्र्याच्या बागा आहेत. बागाईतदार म्हणतो, ‘बागेले ताण देला.’ हे इंग्रजीत कसं न्याल? शब्दाला शब्द लावला तर बागेला टेन्शन आलं असं होईल. खरी गोष्ट अशी की बहार धरण्यासाठी झाडाचं पाणी तोडतात, पानं मलूल होतात आणि मग पाणी सोडलं की झाड फुलावर येतं. आंबिया बहारासाठी हा ताण डिसेंबर-जानेवारीत देतात, मृगासाठी मे महिन्यात. शेतीशास्त्राच्या इंग्रजीत ‘वॉटर स्ट्रेस’ असा शब्द आहे. म्हणजे शेवटी ‘ताण’ला ‘स्ट्रेस’च आलं, पण ते योग्य आहे हे कळायला बागेत जावं लागलं. आणि ‘बहार’? त्याला एका शब्दात काही मिळत नाही. मोबाइलमधलं भाषांतराचं अ‍ॅप तुम्हाला शब्द देईल. झाड बघून आलेला माणूस त्यातला बरोबर शब्द निवडेल. अशा पन्नास शब्दांचा छोटा कोश करा. कृषी अधिकाऱ्याला दाखवा, बाहेरगावी माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला दाखवा. बघा कुणाला उपयोग होतो का.

तिसरं काम आठवणींचं. सावनेरचं जुनं नाव सारस्वतपूर असल्याचं सांगितलं जातं. सरस्वतीचं गाव! कोलार नदीकाठच्या या गावाच्या अशा किती गोष्टी जुन्या माणसांच्या तोंडी आहेत. त्या मोबाइलवर रेकॉर्ड करा. आधी मराठीत जशाच्या तशा उतरवा, मग इंग्रजीत आणा. न्गुगी आणि त्यांचे मित्र ‘तोंडी साहित्य अभ्यासात आणा’ म्हणत होते, ते हेच.

जे बदललं नाही

सगळं छान छान सांगून तुम्हाला फसवायचं नाही.

अभ्यासक्रम बदलला तरी गाइड गेलं नाही. मूळ पुस्तक न उघडता इंग्रजीत एमए होता येतं, हे तुम्हालाही माहीत आहे. आधी ‘आयएमपी’ प्रश्न होते, आता एआय आलंय. प्रश्न टाकला की उत्तर तयार. पण मग ‘बलुतं’ असो की ‘हॅम्लेट’, तुमच्यासाठी दोन्ही सारखीच. दोन्ही न वाचलेली.

प्राध्यापकांच्या जागा ठिकठिकाणी रिकाम्या आहेत. तासिका तत्त्वावर शिकवणारे शिक्षक वर्षानुवर्षं तसेच. त्यांचा पगार तासांवर आणि सुटीत तोही बंद. नेट-सेट झालेले, पीएचडी झालेले लोक असे राबताना तुम्ही रोज बघता. म्हणून ‘इंग्रजी घ्या, नोकरी पक्की’ असं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. जेआरएफ मिळाली तर महिन्याला ३७ हजार रुपये मिळतात हे खरं. पण ती थोड्यांनाच मिळते. बीएड करून शाळेत, भाषांतरात, माध्यमांत, स्पर्धा परीक्षांत, अशा बऱ्याच वाटा आहेत. त्यातली एकही आपोआप उघडत नाही.

आणि तो ‘फाडफाड’चा आजार. बोलता यायला हवंच, त्यात वाद नाही. मुलाखतीत, ऑफिसात लागतं. त्यासाठी रोज बोलायचा सराव करा, चुकलं तर चुकू द्या. पण बोलणं हे कौशल्य आहे आणि साहित्याचा अभ्यास ही वेगळी गोष्ट आहे. इंग्रजी बोलता येत नाही म्हणून साहित्य सोडलं, असं करू नका. साहित्य वाचता वाचता बोलणंही सुधारतं. उलटं मात्र होईलच असं नाही.

आजपासून एवढं करा

\* अभ्यासाला लागलेलं एक पुस्तक, फक्त एक, या सत्रात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. गाइड त्यानंतर उघडा.

\* मराठीतून इंग्रजीत गेलेलं एखादं पुस्तक घ्या. मूळ आणि भाषांतर शेजारी ठेवून दहा पानं वाचा. जिथं अडाल तिथं पेन्सिलीनं खूण करा. ती खूण म्हणजे तुमच्या प्रकल्पाचा विषय.

\* रोज पाच ओळी भाषांतर करा. पेपरातली बातमी, आजीची म्हण, दुकानावरची पाटी, काहीही चालेल. आधी स्वतः करा, मग अ‍ॅपशी ताडून बघा.

\* नेटची जुनी प्रश्नपत्रिका एमएच्या पहिल्या वर्षीच एकदा बघून ठेवा. दोन पेपर, १५० प्रश्न, ३०० गुण. घाबरायचं नाही, नुसतं बघायचं.

\* फील्ड प्रोजेक्टचा विषय गावातलाच घ्या. सरांना, मॅडमना तसं सांगा. चांगला शिक्षक असा विद्यार्थी शोधतच असतो.

पुन्हा बस स्टँडवर

तर, एसटी लागलीय. पाटणसावंगी मागं पडतं, कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसू लागतात, मानकापूर येतं. सुमारे पस्तीस किलोमीटरचा रस्ता. रोज जाऊन-येऊन दोन-अडीच तास सहज जातात. खिडकीची जागा मिळाली तर त्या वेळात महिन्याभरात एक कादंबरी संपते. उभं राहावं लागलं तर कानात हेडफोन घालून ऑडिओबुक ऐका. तेही नसेल तर आजूबाजूची माणसं काय बोलतात ते ऐका. त्या एका गाडीत मराठी आहे, हिंदी आहे आणि या दोघींच्या मधली आपली बोलीही आहे. इंग्रजीच्या वर्गात तुम्ही रिकाम्या हातानं जात नाही.

उद्या तो मित्र परत भेटेल. विचारेल, ‘काहून बे इंग्लिश?’

त्याला सांगा, ‘बस ना बाजूले. बलुतं वाचलं का तू? नाही? मग आईक, मी काय करून राहिलो ते.’